शिंगांचे कागद

फेरारा, १९ जानेवारी १८२२

लिवियो,

माझं अक्षर बघून तू पत्र न फोडताच चुलीत टाकशील, म्हणून वरचा पत्ता बास्तियानोकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सहा वर्षांत मी एकदाही लिहिलं नाही, तूही नाही. तेव्हा त्या बाबतीत फिट्टंफाट.

दुकान आहे तिथेच आहे, सान रोमानो गल्लीत. बाबांच्या वेळचं टेबल, बाबांच्या वेळची दौत, आणि संगीताच्या कागदांच्या नकला उतरवायला मी नि बास्तियानो. त्याचे डोळे आता कामातून गेलेत, पण हात अजून सरळ रेघ ओढतो. धुकं इतकं पडलंय की समोरचा पाववाला तीन दिवस दिसलेला नाही, नुसता ओरडताना ऐकू येतो. लग्न मी केलं नाही. विचारणारं कोणी नव्हतं असं नाही, पण ते जाऊ दे. तो हिरवा झगा विकून टाकला.

कामाचं बोलते. दोन्नाती परवा दुकानात आला होता. तेव्हा आपल्या थिएटरचा ठेकेदार होता तोच. आता तो गावोगाव मंडळी घेऊन फिरतो, आणि पोट आणखी सुटलंय.

“सिन्योरा ऑर्सोला, तुमच्या भावाची ती राणी अजून जिवंत आहे का?” त्याने विचारलं.

“कपाटात आहे.”

“मग काढा बाहेर. हिवाळ्याच्या तोंडावर कोमाक्योला खेळ लावतोय. नवा ऑपेरा लिहून घ्यायची माझी ऐपत नाही, आणि तिथल्या लोकांना नवं-जुनं काय कळतंय? जन्म वाम मासे पकडण्यात गेला त्यांचा.”

तर ‘कान्दियाची राणी’ त्याला हवी आहे. कागद माझ्याकडे असले तरी ऑपेरा तुझा. तुझ्या हातची परवानगी पाहिजे.

तू नाहीच म्हणशील, मला ठाऊक आहे. पण लिवियो, ऑपेरा पडला तो काही एका कारणाने पडला नाही. सेंट स्टीफनच्या दिवशी, सव्वीस डिसेंबरला, हंगामाचा पहिला खेळ, लोक जेवून सुस्तावलेले. त्यात त्या बेलूचीबाईचा घसा नेमका त्याच दुपारी बसला, आणि तुरुंगातलं गाणं एक सूर खाली उतरवून द्या नाहीतर मी गात नाही, असा तिने हट्ट धरला. तू धावत दुकानात आलास. सगळ्या वाद्यांचे कागद नव्याने लिहायचे, आणि ते संध्याकाळच्या आत. आम्ही शेवटच्या घटकेपर्यंत खपलो, मला हात धुवायलाही सवड मिळाली नाही. मग वाद्यवृंदातली ती पितळी शिंगं. सगळे खाली आणि शिंगं एक सूर वर, तीही नेमकी राणी दूरदेशीच्या नवऱ्याला आळवत असताना. बायकोने दुसरा धरला की नवऱ्याला शिंगं फुटतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाली बसलेले सगळे प्रेक्षक दोन-दोन बोटं कपाळाला लावून तुला दाखवत होते. शिट्ट्या काय, रेकणं काय! आणि करारात लिहिलेलं, की पहिले तीन प्रयोग रचनाकाराने पियानोवर बसलं पाहिजे. तू तिन्ही दिवस बसलास. चौथ्या दिवशी तू गावात नव्हतास.

हे सगळं होऊन गेलं. त्यात तुझ्या सुरांचा काय दोष? परवानगी धाड.

ऑर्सोला


फेरारा, ४ मार्च

लिवियो,

तुझ्या तीन ओळी पोचल्या. कॉर्फूहून इतका समुद्र ओलांडून तीन ओळी! निदान तिथे काय खातोस, कुठे राहतोस, एवढं तरी लिहायचंस. व्यापाऱ्यांच्या मुलींना गाणं शिकवतोस हे मला अंकोनाच्या एका खलाशाकडून कळावं?

“जाळून टाक” म्हणतोस. जाळणार नाही. माझ्या हातची नक्कल आहे, चारशे पानं, ती जाळायला मला सांगायचं नाही.

आणि दुसरी ओळ. “ऑपेरा वाईट नव्हता, त्याला एका दारुड्याने मारलं. आन्सेल्मो मेला की कळव.”

आन्सेल्मोकाका मेलेला नाही. चौसष्ट वर्षांचा आहे. तू दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या दुकानात सगळ्या थिएटरवाल्यांसमोर त्याला दारुडा म्हणालास, आणि दोन्नातीने त्याला तिथल्या तिथे काढलं. त्यानंतर शिंग वाजवायला त्याला कुठल्याही वाद्यवृंदात कोणी घेतलं नाही. मयतीपुढे झेंडा धरतो, कोणाच्या चुलीचा भाता शिवून देतो. शुक्रवारी माझ्याकडे सूप प्यायला येतो. त्याचं शिंग त्याने अजून विकलेलं नाही, खाटेखाली फडक्यात गुंडाळून ठेवलंय. बाबा गेले तेव्हा शवपेटीला खांदा त्याने दिला होता, हे तू विसरलास असं मला वाटत नाही.

तो त्या दिवशी प्यायला नव्हता. दुपारी आपल्याकडेच जेवला होता. भोपळ्याचं सारण भरलेली कापेलाच्ची मी केली होती, तीन वाट्या खाल्ल्या त्याने आणि वर पाणी प्यायला. तुझ्या पहिल्या प्रयोगाला तोंडाला वास नको म्हणून. हे मी तेव्हा का सांगितलं नाही असं विचारशील.

आज बास्तियानोला बरं नाही, दुकान मी एकटी बघतेय. नंतर लिहिते.

ऑर्सोला


फेरारा, ३ एप्रिल, पवित्र सप्ताहातला बुधवार

लिवियो,

ईस्टरच्या आधी कबुली द्यावीच लागते, नाहीतर पाद्रीबाबा नाव लिहून दारावर लावतात. दरवर्षी मी जाते, दरवर्षी तेच सांगते: राग आला, शेजारणीला बोलले, शुक्रवारी मटणाचा रस्सा चाखला. काल वेगळं सांगितलं. पाद्री एजिदियोंना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. त्यांना समजावताना घाम फुटला.

“शिंगाचे सूर त्याच्या नळीत बांधलेले असतात, बाबा,” मी म्हटलं. “गाण्याची पट्टी बदलली तर वाजवणारा नळीचं एक वेटोळं काढतो, दुसरं लावतो. बाकी त्याला काही बदलावं लागत नाही. कागदावरचे सूरसुद्धा होते तेच राहतात. फक्त माथ्यावर लिहायचं, आता कुठलं वेटोळं लावायचं ते.”

“म्हणजे इतर वाद्यांचे कागद सगळे नवे, आणि शिंगांना नुसती वरची ओळ?”

“दोन शिंगं, दोन कागद, दोन ओळी.”

“मग?”

“मग मी ठरवलं की ते शेवटी करू. पळभराचं काम. आणि केलंच नाही.”

“विसरलीस?”

जाळीमागून त्यांनी फार मायेने विचारलं. हो म्हणाले असते तर सुटले असते. पण मी विसरले नव्हते, लिवियो. मागे तुला लिहिलं की हात धुवायला सवड नव्हती, ते खोटं. हात मी चांगले लिंबाने घासून धुतले. शाई जाईना म्हणून दोनदा धुतले. दोन्नातीने त्या दिवशी मला सज्जात जागा देऊ केली होती, रचनाकाराची बहीण म्हणून. वीस वर्षं मी त्या थिएटरात जिन्याखाली, दौत मांडीवर घेऊन बसत आले होते, कोणाचा कागद फाटला, कोणाचा हरवला की लिहून द्यायला. त्या दिवशी मला वर बसायचं होतं. केस बांधणारी बाई चार वाजता येणार होती. व्हायोलिनचे कागद संपले, बासरीचे संपले, घड्याळात चार वाजले. बास्तियानो झालेले कागद घेऊन आधीच थिएटरात गेला होता. मी शिंगांचे दोन कागद तसेच शेवटच्या गठ्ठ्यात घातले, गठ्ठा न्यायला आलेल्या थिएटरच्या पोऱ्याला दिला आणि म्हटलं, जाता जाता आन्सेल्मोकाकाला तोंडी सांगू. मग हिरवा झगा घातला. सज्जाचा जिना वेगळा, तुला आठवत असेल. वादकांच्या बाजूने तो जातच नाही. वर जाऊन बसले, ड्यूकची भाची माझ्याकडे बघून हसली, आणि मला दुसरं काही आठवलं नाही.

मग शिंगं वाजली. पहिल्या सुराला मला कळलं.

पाद्री एजिदियो म्हणाले, “पोरी, केस बांधून घेणं हे काही मोठं पाप नाही.”

“पुढे ऐका,” मी म्हटलं.

खेळानंतर कागद गोळा करणं हे नक्कल करणाऱ्याचंच काम. मी ते दोन कागद घेतले, जिन्याखाली बसले, सुरीने जुनी ओळ खरवडली आणि वर नवी लिहिली. हाताला सवय आहे, खाडाखोड दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेलूचीबाईने ते गाणं पुन्हा तोंडात घेणार नाही म्हणून सांगितलं आणि आपल्या पेटाऱ्यातलं, दुसऱ्याच ऑपेरातलं, नेहमीचं टाळ्यांचं गाणं तिथे घुसवलं. त्यामुळे ते कागद परत कोणी वाजवलेच नाहीत. फक्त तू मागितलेस. तू बघितलंस, माथ्यावर बरोबर लिहिलेलं होतं. म्हणजे वाजवणारा चुकला. म्हणजे प्यायला असणार. आन्सेल्मोकाका एवढंच म्हणत राहिला, “मी लिहिलेलं वाजवलं, पोरा, लिहिलेलं वाजवलं.” दुसरं शिंग बोलोन्याहून भाड्याने आणलेल्या माणसाचं, तो पहाटेच निघून गेला होता. मी तिथे उभी होते. माझे केस अजून बांधलेलेच होते.

पाद्री एजिदियोंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मला कशाला सांगतेस? त्या दोघांना सांग. मग ये. मग बघू.” माफी दिलीच नाही त्यांनी! इतकी वर्षं मेजवान्यांत त्यांना मी कापेलाच्ची खाऊ घातली.

तेव्हा सोबत तो कागद पाठवतेय, पहिल्या शिंगाचा. खिडकीशी नेऊन उजेडासमोर धर. माथ्याजवळ कागद पातळ झालेला दिसेल. तेव्हाही धरला असतास तर दिसला असता.

आन्सेल्मोकाकाला आज संध्याकाळी सांगणार आहे. मला भीती वाटते. तुझीही वाटते, पण तू दूर आहेस.

ऑर्सोला


फेरारा, २० जुलै

लिवियो,

तुझी दोन पत्रं एकाच जहाजाने आली. आन्सेल्मोकाकाचं त्याला दिलं. तुझं अक्षर त्याला लागत नाही म्हणून मी वाचायला घेतलं, तर म्हणाला, “इथे नको. जिथे त्याने मला दारुडा म्हटलं तिथे वाच.” मग थिएटरसमोरच्या कॉफीच्या दुकानात गेलो. वादक, ठेकेदार, दिवेवाला, सगळे होते. मी उभी राहून मोठ्याने वाचलं. तू क्षमा मागितलीस ते, कागद उजेडासमोर धरलास ते, आणि चूक कोणाची ते. माझं नाव आलं तिथे मी थांबले, तर काका म्हणाला, “वाच, वाच, स्पष्ट वाच.” वाचलं.

त्याला मी एप्रिलमध्ये सांगितलं तेव्हा काय म्हणाला, ते तुला लिहायचं राहिलं. आधी सूप संपवलं. मग म्हणाला, “मला तेव्हाच ऐकू आलं होतं, ऑर्सोला. व्हायोलिनं खाली वाजतायत, आपलं वेटोळं चुकीचं आहे, कान सांगत होता. पण कागदावर अक्षर तुझं होतं. तीस वर्षांत तुझ्या बापाचं आणि तुझं अक्षर कधी चुकलं नव्हतं. मी म्हटलं, कानच म्हातारा झाला असेल.” पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या शुक्रवारी आला, बसला, आणि “मीठ कमी आहे,” म्हणाला. मी इतकी रडले की बास्तियानो आतून धावत आला.

थिएटरने नकलांचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. बरोबर केलं. चर्चची भजनं आणि लग्नाची गाणी लिहून भागतंय आमचं.

आता तुझं मला आलेलं पत्र. मी ते पाठ केलंय. “मी तुला माफ केलंय की नाही ते मला माहीत नाही, विचारू नकोस. पण एक सांगतो. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगितलं की माझा ऑपेरा शिंगांनी मारला. सांगताना दरवेळी मनात येई, शिंगं नसती तर जगला असता का? भीतीने मी पुन्हा एक ओळ लिहिली नाही. दोन्नातीला हो म्हण. शिंगं बरोबर, सगळं जसंच्या तसं, एक सूर बदलायचा नाही. जे होईल ते मला कळव. चालला तर मी लिहायला बसेन, ये म्हणशील तर येईनसुद्धा. पडला तर मुलींना दो-रे-मी शिकवत इथेच म्हातारा होईन, आणि शांतपणे होईन. पण या वेळी काही लपवू नकोस. तू लपवण्यात फार हुशार आहेस.”

लागलं ते. लागू दे.

दोन्नातीला हो सांगितलं. पहिलं शिंग आन्सेल्मोकाका वाजवणार, ही माझी अट होती. त्याने नाक मुरडलं, पण फुकट ऑपेरा मिळतोय म्हटल्यावर कबूल झाला. काका रोज ओठांना तेल लावून नदीकाठी सराव करतो. गावातल्या म्हशी त्याला ओळखायला लागल्यात.

ऑर्सोला


कोमाक्यो, ९ नोव्हेंबर

लिवियो,

चारच ओळी. उद्या प्रयोग. थिएटर म्हणजे मिठाचं कोठार आहे, भिंतीला हात लावला तर बोटं खारट होतात. दुसरं शिंग ऑस्ट्रियन छावणीतल्या बँडवाल्याचं. काकाला त्याची भाषा येत नाही, त्याला काकाची नाही, तरी दोघांचं झकास जमलंय. राणीचं काम करणारी फाएन्झाची चेलेस्ते नावाची दांडगी मुलगी आहे, नखरा शून्य, घसा घंटेसारखा. गाणं मूळ पट्टीतच गाते. शिंगांचे कागद मी पुन्हा लिहिले, आणि रात्री उठून दोनदा तपासले. आन्सेल्मोकाकाने तिसऱ्यांदा तपासून घेतले. माझ्यासमोर, मुद्दाम.

बसणार आहे जिन्याखाली.

ऑर्सोला


फेरारा, १७ नोव्हेंबर

लिवियो,

याआधी तुला एक पत्र लिहिलं होतं. चांगलं झालं होतं ते, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता. काल फाडलं. त्यात काय होतं ते आधी सांगते.

त्यात असं होतं, की पहिला अंक उत्तम गेला. दुसरा अंक अर्ध्यावर आला तेव्हा बाहेर वारा उठला, पाऊस सुरू झाला, आणि अमावास्येची काळोखी. खाडीवरून पहारेकरी ओरडत आला, “वाम सुटली!” अशा रात्री मासे समुद्राकडे धाव घेतात, वर्षाची कमाई त्या दोन-तीन रात्रींत होते. कोठारातला पुरुष न पुरुष उठून पळाला. द्वंद्वगीत चालू असताना! मागे बायका, म्हातारे, आणि मिठाचा जमादार. पडदा पाडावा लागला. दोन्नाती नाराज होण्याऐवजी हात चोळत माझ्याकडे आला.

“सिन्योरा, देव पावला! ऑपेरा चालू होता, मासे आले, लोकांचा नाइलाज झाला. यात रचनाकाराला कोण नावं ठेवणार? मास्त्रोंना हेच कळवा.”

तेच कळवलं होतं मी. मासे आले, नाइलाज झाला. ते पत्र मिळालं असतं तर तू लिहायला बसला असतास. कदाचित डिसेंबरच्या जहाजाने आलाही असतास. मला सव्वीस डिसेंबरला टेबलाच्या त्या बाजूला तू बसलेला हवा होतास, लिवियो. फार हवा होतास. पत्राला लाख लावायला घेतली, पण त्याआधी आन्सेल्मोकाकाला वाचून दाखवलं.

तो म्हणाला, “वाम सुटायच्या आधीच माणसं सुटली होती, पोरी.”

ते खरं आहे. आता क्रमाने सांगते.

पहिल्या अंकाला त्यांना मजा आली. तुझा तो लोभी जहाजवाला बघून लोक आपसात कोणाकोणाची नावं घेत होते, म्हणजे गावात तसा कोणी असावा. मग तुरुंगातलं गाणं. मी डोळे मिटून घेतले. व्हायोलिनं वाजली, आणि मग शिंगं आली, हळू, दुरून आल्यासारखी, जिथे यायला हवी होती तिथे. जवळजवळ सात वर्षांत मी पहिल्यांदाच ते ऐकलं, आणि तू तर कधीच ऐकलेलं नाहीस. त्या कोठारात तीनशे माणसं होती आणि कोणी खोकलं नाही. गाणं संपलं. मग मागून एक कोळीण ओरडली, “अगं बाई, परत म्हण! मधेच माझा नवरा शिंकला!” आणि सगळं कोठार उसळलं. दोनदा वन्समोअर घेतला. दुसऱ्या खेपेला काकाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण सूर हलला नाही.

मग दुसरा अंक.

राजदूताचं लांबलचक भाषण सुरू झालं आणि माझ्या शेजारच्या बाईने विणकाम काढलं. सरदारांच्या समूहगीताला पुढचे दोघे जाळ्यांच्या गाठींबद्दल बोलायला लागले. राणीच्या आणि राजदूताच्या द्वंद्वगीताला मी मागे वळून बघितलं, तर सोळा जण झोपलेले. मोजले मी. पहारेकरी ओरडला तेव्हा लोक नाइलाजाने उठले नाहीत, सुटका झाल्यासारखे उठले. बायका थांबू शकल्या असत्या, त्यांना मासे धरायचे नव्हते. त्याही गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्नातीने नुसता पहिला अंक लावला आणि पुढे दोरीवरचा खेळ. कोठार भरलं.

तर हे झालं. शिंगं बरोबर होती, सगळं जसंच्या तसं होतं, आणि दुसरा अंक पडला. तू सांगितलंस तसं कळवतेय.

आणखी एक आहे. हे कोणी विचारलं नाही, पाद्री एजिदियोंनासुद्धा सांगितलेलं नाही. मला हे तेव्हाच ठाऊक होतं. शिंगांच्या आधीपासून. पहिला अंक मी पाच दिवसांत उतरवला होता, शाई वाळायची वाट बघवत नव्हती, पुढे काय होतं ते बघायचं होतं. दुसऱ्या अंकाला अकरा दिवस लागले. त्या द्वंद्वगीतापाशी मी लेखणी खाली ठेवून उठले, चूल सारवली. परत बसले, परत उठले. बास्तियानोने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “पाठ दुखते.” वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी इतरांचे सूर लिहितेय, दोनशेवर ऑपेरा या हाताखालून गेलेत. कुठे कंटाळा येतो ते हाताला आधी कळतं. पण नक्कल करणाऱ्याने बोलायचं नसतं, ही बाबांची शिकवण. शिवाय तू रात्ररात्र जागून डोळे लाल करून यायचास आणि विचारायचास, “कसं आहे, ऑर्सोला?” मी म्हणायचे, “अक्षर सुधार.” तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्या हातात तीन आठवडे होते.

म्हणजे शिंगं सहा वर्षं लपवली आणि हे जवळजवळ सात. यात मोठं कुठलं ते तू ठरव.

पडला तर शांतपणे म्हातारा होईन म्हणाला होतास. हो बापडा, तो तुझा हक्क आहे. मी विनवण्या करणार नाही. पण कोमाक्योहून निघताना बंदरावर एक गोष्ट ऐकली ती सांगते. कोळणी वाम सोलत बसल्या होत्या, कोपरापर्यंत रक्त, आणि त्यांतली एक ते तुरुंगातलं गाणं म्हणत होती. शब्द चुकीचे, चाल बरोबर. शिंगांची जागा आली की शेजारची तोंडाने शिंग वाजवायची. मी तिथे अर्धा तास उभी राहिले, आमची बोट चुकली, काकाने मला शिव्या घातल्या.

सोबत दुसरा अंक पाठवतेय, सगळा. समासात मी खुणा केल्यात, जिथे जिथे हात थांबला तिथे. एकतीस खुणा आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या कागदावर स्वतःचं काही लिहिलं, दोन ठिकाणी डाग पडलाय. चिडशील. चिड, आणि मग बघ. राजदूताचं भाषण काढ. द्वंद्वगीताची पहिली सोळा आवर्तनं बरी आहेत, पुढचं टाकून दे. शेवटी राणी सुटते तेव्हा तीच शिंगं परत का येत नाहीत, हे मला त्या वेळीही कळलं नव्हतं.

तिथे बसून लिही नाहीतर इथे येऊन लिही. टेबलाची ती बाजू मोकळी आहे. नक्कल मी करीन. शिंगांचे कागद सगळ्यांत आधी.

ऑर्सोला